उतार घासताना

सिल्वेरिया पान्हे घेते गुरुवारी,
एल आल्तोच्या बाजारात,
चार हजार मीटरवर, जिथे उन्हालाही धाप लागते
आणि निळ्या ताडपत्रीवर
बसचा एक दिवा, कुणाची कवळी, बाहुल्यांचे सुटे हात
आणि सॉकेटांचा ढीग
एकाच भावाने पडलेला असतो.

कंपनीचं नाव बघत नाही. चकाकी तर नाहीच.
सॉकेट उचलते, आत डोकावते.
बारा कोनांचं असलं तर परत टाकते:
"बारा ठिकाणी हो म्हणतो,
धरत कुठेच नाही."
सहा कोनांचं असलं तर करंगळीचं नख
त्याच्या तोंडावरून फिरवते, तिथला उतार चाचपते.

तो उतार मुद्दाम ठेवलेला असतो,
नट अलगद आत घसरावा म्हणून.
आमच्या फोर्कच्या टोपणाला तो चालत नाही.
टोपण ॲल्युमिनियमचं, नखाएवढं उंच;
पान्हा निसटला की कोपरे गोल,
आणि गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत.

म्हणून माझं पहिलं काम उतार घासणं.
तीन सेकंद चाकावर, मग पाण्याच्या डब्यात, चर्र.
पुन्हा तीन सेकंद.
"निळं पडलं तर पोलाद मेलं, ग्रोवेर."
मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल,
तोंड सपाट होईपर्यंत, माझं नव्हे, सॉकेटचं.
ज्यांचं पोट उतारावर चालतं
त्यांच्या दुकानात मी सहा महिने
उतार नाहीसे करत होतो.

एक निळं पडलं. मी ते खिशात घातलं.
तिने काही विचारलं नाही.
सोमवारी पाहिलं तर सुतळीला बांधून
दाराला अडकवलेलं होतं,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

सील ठोकून बसवायचं खरं साधन मिळतं,
त्याच्या किमतीत दोन महिन्यांचं भाडं.
सिल्वेरियाने फोर्कचा पाय
पाठीवरच्या रंगीत चादरीत बांधला
आणि नळाच्या सामानाच्या दुकानात गेली.
दुकानदार म्हणाला, मुलगा की मुलगी?
ती म्हणाली, पस्तीस मिलिमीटर.
अकरा जोडनळ्या लावून पाहिल्या. बारावी बसली.
तिची आतली कड आम्ही कानशीने मारली,
आणि अजून तीच चालते.

मग एफ्राइन आला, गाईड, चिखलाने लडबडलेला.
परदेशी माणसं घेऊन तो रोज
बर्फाच्या खिंडीतून खाली युंगासच्या गरमीत उतरतो.
म्हणाला, तुमचे फोर्क इथे ठणठणीत,
खाली पोचले की खचतात.
तेल तपासलं. हवा तपासली. सील बदलले.
तरी खचतात.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी, बटाटा सोलता सोलता:
"इथली हवा आपण त्याच्या पायात कोंडतो.
इथली हवा पातळ.
खालची दाट हवा बाहेरून दाबते त्याला."

त्यावर तिने जे साधन निवडलं
ते केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं.
डोकं छाटलं, टोक ब्लेडने तासलं,
कडा गालावर फिरवून पाहिल्या,
ओरखडा उठेना तेव्हा माझ्या हातात दिली.
"उद्या जा त्याच्याबरोबर."

मी तोवर इतका खाली कधी गेलो नव्हतो.
योलोसाला कान गच्च झाले, अंगाला शर्ट चिकटला.
रस्त्याकडेला गुडघे टेकले,
सीलच्या ओठाखाली पट्टी सरकवली.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात;
इथे ओठ उचलावा लागला.
फुस्. बारीक, आत ओढलेला.
आणि फोर्क उठला.
जर्मन बाईने टाळी वाजवली, मला लाज वाटली,
चार सायकली, आठ पाय,
प्रत्येकाला थोडी थोडी
केळीच्या बागेतली हवा पाजली.

रात्री दुकानात परतलो.
ती दिव्याखाली सॉकेट पुसत होती.
"किती वर आला?"
मी म्हटलं, बोटभर.
तिने खणातून कॅलिपर काढला
आणि माझं बोट मोजलं.